मोगरीची गावपळण

कोंबडीला नाव ठेवू नये, हे आमच्या किनाऱ्यावर कुणाला शिकवावं लागत नाही. कुत्र्याला ठेवावं, गाईला ठेवावं, होडीला तर ठेवावंच. पण पाहुणा आला की जिच्या मानेवर सुरी फिरायची, तिला लाडाने हाक मारायची सवय लावून घेण्यात शहाणपण ते काय? पद्मावतीने हा वेडेपणा केला होता. तिची कोंबडी पांढरीशुभ्र आणि नाव मोगरी. आडवळच्या खालच्या वाडीत त्या नावावरून जेवढी थट्टा झाली, तेवढी नव्या नवरीचीही होत नाही. "पद्मा, मोगरी जेवली काय गो?" असं पाणंदीने जाणारा कुणीही विचारायचा आणि पद्मावती अगदी सरळ चेहऱ्याने सांगायची, "जेवली. आता निजली."

खरं तर नाव तिने नव्हे, तिच्या लेकीने ठेवलेलं. सत्यवतीने पिल्लू असल्यापासून ती कोंबडी हातावर वाढवली आणि लग्न होऊन मिठबावला जाताना आईच्या ओटीत टाकली. नवरा तुकाराम गलबतावर खलाशी. पावसाळ्याचे महिने सोडले तर घरी त्याच्या चपलासुद्धा दिसायच्या नाहीत. मग घरात बोलायला राहिलं कोण? मोगरी. ती चुलीजवळच्या फाटक्या सुपात झोपायची, पद्मावती जेवायला बसली की ताटाशी यायची, आणि भात जरा कोरडा झाला असेल तर मान वाकडी करून बघायची. पद्मावती म्हणे, "सासूय इतकी खोड काढी नव्हती."

तशी मोगरी पहिल्यापासून नाजूकच. एकदा गवताची काडी तिच्या गळ्याच्या पिशवीत अडकली, तेव्हा पद्मावतीने कोमट खोबरेल पाजून तासभर गळा चोळत बसून ती उतरवली. पायाला खवले धरले, तर रॉकेल आणि तेल एकत्र करून रोज पिसाने लावलं. तळपायाला गाठ आली, ती ब्लेडने कापून हळद भरली. त्या वेळी मोगरी ओरडली नाही, पद्मावतीच ओरडली. शेजारची राधाबाय तेव्हा कोंबडी धरून बसली होती. ती हसून म्हणाली, "गो, पाय कोणाचो कापतंस, तिचो की तुझो?"

राधाबाय नात्याची नव्हती, पण नात्याच्या माणसांपेक्षा जवळची. विधवा बाई, मूलबाळ नाही, जमिनीचा तुकडा दिराच्या ताब्यात. तिचं पोट चालायचं ते कोंबड्यांवर. डझनभर गावठी कोंबड्या, एक तुरेबाज कोंबडा, आणि आठवड्याची अंडी टोपलीत भुसा घालून ती बाजारात आंतोनच्या बेकरीत नेऊन द्यायची. नाताळ जवळ आला की आंतोनची बायको तेरेझा स्वतः निरोप पाठवायची, की यंदा केकला अंडी राधाबायचीच हवीत, दुसऱ्या कुणाची नकोत. राधाबाय कोंबड्यांना नावं ठेवत नसे. तिला ते परवडणारं नव्हतं. पण मोगरीसाठी कुर्ल्यांच्या कवचांचा चुरा करून आणून द्यायची ती राधाबायच.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि मिठबावहून निरोप आला, सत्यवतीला दिवस गेले. पद्मावतीने नारळाच्या वड्या केल्या, लेकीला आवडणारी सुकी मासळी घेतली, आणि काय मनात आलं कोण जाणे, मोगरीलाही टोपलीत घालून एसटीत बसली. लेकीला आपली कोंबडी बघून बरं वाटेल, हा हिशेब. कंडक्टरने टोपलीकडे बघून "हिचं तिकीट?" असं विचारलं तेव्हा सगळी गाडी हसली.

मिठबावला विहिणीने टोपली बघितली आणि तिचा चेहराच पडला. "विहीणबाय, कोंबी कित्याक आणलास? आमच्या वाडीत कोंब्यो पटापट मरतत. सकाळची जिती, सांजची मेलेली." पद्मावती हसून म्हणाली, की माझी घरात राहणारी आहे, ती बाहेर जायची नाही. आणि ती खरंच गेली नाही. पण सत्यवती दिवसभर बाहेर-आत करत होती, कोंबडीला मांडीवर घेत होती, त्याच अंगणातून आत आणलेलं पाणी मोगरी पीत होती. हे पद्मावतीच्या ध्यानात आलं ते फार उशिरा, आणि एकदा आल्यावर मग कधी गेलं नाही.

घरी परतल्यावर थोड्याच दिवसांत मोगरीने खाणं सोडलं. आधी चोच उघडी टाकून धापा टाकू लागली, मग हिरवी पातळ घाण, मग पंख लोंबले. पद्मावतीने लसूण ठेचून चारली, कांद्याचा रस पाजला, हळदीची गोळी करून घशात सारली. एका सकाळी उठून बघते तर मोगरीची मान पिळा बसल्यासारखी फिरलेली; डोकं पाठीकडे, डोळे आभाळाकडे. तिने टोपलीवर लुगडं टाकलं, कुणाला काही न बोलता पहिली एसटी धरली आणि मालवणला जनावरांच्या दवाखान्यात जाऊन उभी राहिली.

डॉक्टर देशावरचा, तरुण, नुकताच बदलून आलेला. बैल-म्हशी सोडून कोंबडी घेऊन कुणी एवढ्या लांब आलेलं त्याने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. पण हसला नाही. मोगरीला हातात घेतली, चोच उघडली, मान हळूच सरळ करून सोडली. ती पुन्हा फिरली.

"बाई, ही मानमोडी आहे. याला औषध नाही."

"लस असते म्हणतात ना?" पद्मावती शाळेत शिकलेली भाषा आठवून आठवून बोलत होती.

"लस धडधाकट कोंबडीला द्यायची. हिची वेळ गेली. माझं ऐकाल तर हिला मारा आणि चुना टाकून खोल पुरा. नाहीच धजावलं, तर निदान महिनाभर घरात कोंडून ठेवा. दुसऱ्या कोंबडीच्या वाऱ्याला उभी करू नका. हिचं उष्टं पाणी, हिची घाण, तुमचे हात, सगळ्यातून हा रोग जातो. एक कोंबडी वाडी झोपवते. आणि आज घरी गेल्यावर शेजारीपाजारी सांगा. लस मागवली आहे, आली की मी स्वतः येईन."

"परवा आमची गावपळण आहे," पद्मावती म्हणाली.

डॉक्टरला काही उमगलं नाही. मग तिला सांगावं लागलं. दर तीन-चार वर्षांनी देवळात कौल लावायचा. देवाने कौल दिला की ठरल्या दिवशी सगळं गाव उठून वेशीबाहेर जायचं. चुली विझवायच्या, दारं ओढून घ्यायची आणि तीन दिवस, तीन रात्री माडाच्या झापांच्या खोपी बांधून माळावर राहायचं. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या सगळी. त्या दिवसांत गावातून देव आपल्या गणांसह फिरतो. मागे एकही जीव राहता कामा नये.

डॉक्टरने टोपलीकडे पाहिलं. "मग माणसं जाऊ देत. ही घरात राहू दे. नाहीतर..."

परतीच्या गाडीत पद्मावती टोपली मांडीवर घेऊन बसली होती आणि मनातल्या मनात एकेक वाट चाचपत होती. मारायची? घरी आल्यावर तिने विळी पुढ्यात घेतलीसुद्धा, पण मोगरी वाकड्या मानेने तिच्या आवाजाच्या दिशेला फिरली आणि विळी पुन्हा भिंतीला लागली. मागे ठेवायची? देवाच्या वाटेत जीव ठेवायचा, एवढी छाती तिची नव्हती. सगळ्यांना सांगायचं? सांगितलं की देवळाचा मानकरी गावकर पहिली गोष्ट म्हणणार, ती कोंबडी आत्ताच्या आत्ता मारा. उरली चौथी वाट. ती सगळ्यात सोपी होती. तिच्यासाठी काहीच करावं लागत नव्हतं. गप्प राहायचं.

दुसऱ्या दिवशी मोगरीने तिच्या हातावरची भाताची चार शितं खाल्ली. लगेच पद्मावतीने स्वतःची समजूत घातली, ही बरी व्हायला लागली, आता कसला रोग नि कसलं काय. देशावरच्या डॉक्टरला आमच्या कोंबड्यांतलं काय कळणार? हे म्हणताना आपण खोटं बोलतो आहोत हे तिला कळत होतं. माणूस स्वतःशी खोटं बोलतो तेव्हा आवाज न करता बोलतो, एवढाच फरक.

गावपळणीच्या दिवशी ढोल वाजला आणि आडवळ रिकामं झालं. बैलगाड्यांवर अंथरुणं, डोक्यांवर भांडी, पोरांच्या काखेत मांजरं, आणि डालग्यांतून कोंबड्यांचा नुसता कलकलाट. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे माळावर खोपी उभ्या राहिल्या. पद्मावतीने आपली खोप मुद्दाम अगदी टोकाला घेतली, सगळ्यांपासून दूर. मोगरीची टोपली आत कोपऱ्यात, वर गोणपाट. तेवढी तरी अक्कल तिला होती, आणि तेवढ्यावर आपण डॉक्टरचं ऐकलं असं ती मानू पाहत होती.

काशीबाय, म्हणजे वरच्या आळीतली, पाणी न्यायला आली आणि डोकावली. "मोगरीची मान अशी कित्याक गो?"

"वात," पद्मावती म्हणाली. "थंडीन आखाडली."

थोड्या वेळाने राधाबाय आपली डालगी आणि झाप घेऊन आली. "मधी लय वारो लागता. तुझ्या आडोशाक बसतंय." आणि हो-नाही व्हायच्या आत तिने आपली खोप पद्मावतीच्या खोपीला टेकवून उभी केली. तिच्या कोंबड्या बाहेर सुटल्या आणि थेट पद्मावतीच्या दारात उकरू लागल्या. पद्मावतीने दोनदा त्यांना हुसकावलं. तिसऱ्यांदा राधाबाय म्हणाली, "असू दे गो, तुझी मोगरी एकटी कंटाळली असतली."

गावपळणीला मजा असते. पुरुष व्हाळात जाळी टाकतात, बायका फुगड्या घालतात, सगळ्यांची चूल उघड्यावर आणि सगळ्यांचं कालवण सगळ्यांच्या ताटात. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपल्यावर राधाबाय पद्मावतीच्या शेजारी पाय पसरून बसली आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "पद्मा, तुका एक सांगतंय. कोणाकडे बोलू नको."

"काय ता?"

"माझी खुडूक कोंबी मी घराकच ठेवलंय. अंड्यांर बसली आसा, पिल्लां भायर पडूचे दिस इले. उठवलंय असतंय तर सगळी अंडी नासली असती. दाणो-पाणी ठेवलंय, दार लावलंय. देवाक हात जोडलंय. पण जीव नुसतो धडधडता गो. मी चूक केलंय काय?"

पद्मावतीच्या ओठापर्यंत आलं होतं. एक गुपित दुसऱ्या गुपिताला वाट करून देतं, तशी ती वाट समोर उघडी पडली होती. माझंही एक आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण ती म्हणाली, "देव समजून घेता." आणि राधाबायचा हात दाबला. राधाबायला एवढं बरं वाटलं, की ती उठली आणि कामाला लागली. पद्मावतीच्या खोपीत वाकून तिने मोगरीपुढची उष्टी पेज उचलली. "ही कायव खात नाय, पेज फुकट कित्याक घालवतंस?" असं म्हणून तिने ती वाटी आपल्या कोंबड्यांपुढे ओतली.

पद्मावतीचा हात अर्धा उठला होता. तो तिने पदर सावरायला वळवला.

चौथ्या दिवशी देवाने परतायचा कौल दिला. गावात शिरून बायकांनी दारात शेणपाण्याचे सडे घातले, चुली पेटल्या. राधाबायच्या अंधाऱ्या खोलीत खुडूक कोंबडी जागेवर होती आणि तिच्या पंखांखालून पिवळी डोकी बाहेर येत होती. राधाबायने ती पिल्लं पद्मावतीला चोरून दाखवली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. घरातल्या त्या पिल्लांना मांजरापासून जपायचं म्हणून तिने खोलीचं दार बंदच ठेवलं.

मग एका सकाळी तिचा कोंबडा आरवला नाही.

तो खुराड्यात चोच उघडी टाकून बसला होता. दुपारी गेला. दुसऱ्या दिवशी दोन कोंबड्या, मग तीन. ज्यांच्या कोंबड्या माळावर पद्मावतीच्या खोपीकडे फिरल्या होत्या, त्यांच्याही घरी मरतुक सुरू झाली. पण राधाबायचं खुराडंच रिकामं होत चाललं होतं. आणि मोगरी? मोगरी जगली. मान वाकडीच राहिली, दाणा टिपायला गेली की चोच भलतीकडेच पडायची, तिला भरवावं लागायचं, पण जगली.

राधाबाय एक कोंबडी छातीशी धरून धावत आली. "पद्मा, तुझी बरी झाली मगे. तू काय दिलंस तिका? ताच दी गो हिका. ही माझी रोज अंडा देता."

पद्मावतीने लसूण सोलायला घेतली. आपल्याला काही औषध ठाऊक नाही, हे तिला माहीत होतं. तरी तिने ठेचा केला, हळद घातली, कोंबडीच्या घशात सारला. राधाबाय भक्तिभावाने बघत होती. ती कोंबडी तिच्या मांडीतच गेली. राधाबायने तिचे डोळे मिटवले आणि म्हणाली, "तू केलंस तितक्या केलंस. माझाच नशीब."

त्या दिवसापासून पद्मावतीला अन्न गोड लागेना. चुलीपाशी मोगरी चुकीच्या दिशेला चोच मारत बसलेली दिसली की तिला वाटे, उचलावी आणि व्हाळात फेकून द्यावी. आणि लगेच तिला मांडीवर घेऊन ती भात भरवत बसे. राग कोंबडीचा नव्हता. तो कुणाचा होता हे तिला चांगलं कळत होतं.

शेवटची कोंबडी पुरून आली त्या संध्याकाळी राधाबाय देवळात गेली आणि हरिश्चंद्र गावकरापुढे सगळं बोलून मोकळी झाली. मी मागे जीव ठेवला, देवाच्या वाटेत आडवी आले, म्हणून हे संकट. वाडीतल्या कोंबड्या माझ्यापायी मेल्या. कुणी तिला विचारलं नव्हतं, कुणाला संशयही नव्हता. आपण होऊन गेली.

हरिश्चंद्र गावकर तसा वाईट माणूस नव्हे, पण देवाच्या कामात त्याला ढिलाई खपत नसे. ठरलं, की सोमवारी देवळात गाऱ्हाणं घालायचं, आणि मागे राहिलेला जीव वेशीवरच्या राखणदार देवाला द्यायचा. कोंबडी कापायची, पिल्लं वेशीबाहेर सोडायची. राधाबायकडे आता तेवढंच उरलं होतं. वाडीतल्या बायका तिच्या दारावरून जाताना तोंड फिरवू लागल्या; जिची कोंबडी मेली होती ती तर मोठमोठ्याने बोलत जायची.

पद्मावती रविवारी सकाळी तिच्याकडे गेली. राधाबाय पिल्लांना कण्या घालत होती.

"राधाबाय, तुझ्यामुळे नाय ता. माझ्यामुळे झाला. मोगरीक मानमोडी होती. डाक्टरान माका आधी सांगलेल्यान."

राधाबायने वर बघितलं. मग तिचा चेहरा असा मऊ झाला, की पद्मावतीला तिथून पळून जावंसं वाटलं. "तू बरी आसस गो," ती म्हणाली. "माझो दोष आपल्या माथ्यार घेतंस? असो दोष वाटून घेवक येत नाय, बाये."

"मी खरा सांगतंय!"

"तुझी कोंबी तर जिती आसा. रोग असतो तर तीच पयली मरतली होती ना?" आणि तिने एक पिल्लू उचलून पद्मावतीच्या हातात ठेवलं. "ह्या एक तू ने. उद्या देवळात नेतंय तेवा कोण मोजूक बसता? एक तरी जगतला."

पद्मावतीने ते पिल्लू परत टोपलीत ठेवलं आणि ती घरी आली. आयुष्यात ती एवढं खरं कधी बोलली नव्हती आणि ते एवढं वाया कधी गेलं नव्हतं. दिवसभर ती स्वतःला सांगत राहिली, की मी बोलले, तिने ऐकलं नाही, आता माझ्याकडून फिटलं. पण फिटलं नव्हतं. शेजारच्या अंगणातून पिल्लांची चिवचिव येत होती आणि ती उद्या थांबणार होती.

सोमवारी देवळात गाव जमलं. पुरुष पुढे, बायका मागे खांबांपाशी. राधाबाय सगळ्यांच्या पुढे, एकटी, पायाशी झाकलेली टोपली. हरिश्चंद्र गावकराने नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाण्याची रीत अशी, की गावकराने देवाला सांगायचं आणि प्रत्येक वाक्यावर सगळ्या गावाने एका आवाजात त्याला दुजोरा द्यायचा. एकट्याचं म्हणणं देवापुढे जात नाही, गावाचं जातं.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या गावपळणीत ह्या राधाबायकडसून चूक झाली, तिना मागे जीव ठेवल्यान..."

"व्हय म्हाराजा!"

पद्मावतीचे ओठ सवयीने हलले. पहिल्या वेळी आवाज फुटला होता, दुसऱ्या वेळी नाही.

"त्या चुकीपायी गावात रोग इलो, लोकांची कोंबडी-कुकडी गेली..."

"नाय म्हाराजा."

ते मोठ्याने म्हटलं गेलं नव्हतं. पण सगळ्या गावाच्या होकारात तो एक नकार असा वेगळा पडला, की माणसं माना वळवून बघू लागली. गाऱ्हाण्यात कुणी 'नाय' म्हटल्याचं म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही आठवत नव्हतं. हरिश्चंद्र गावकराने डोळे उघडले.

"कोण ता?"

"मी, गावकरानू." पद्मावती पुढे आली. "देवाक खोटा सांगू नकात. रोग माझ्या मोगरीन आणलो. मी तिका मिठबावाक नेलंय, थंयसून तो इलो. गावपळणीच्या आधीच तिची मान मोडली होती. डाक्टरान माका सांगलेल्यान, हिका मार, नायतर कोंडून ठेव, वाडीत सांग. मी कायव केलंय नाय. झाकून घेवन इलंय."

कुजबुज सुरू झाली. गावकर जरा हसल्यासारखं करून म्हणाला, "पद्मावती, शेजारणीची दया इली, समाजला. पण गाऱ्हाण्याच्या मधी बोलूचा नसता."

"दया नाय ही! तुमीच बघा. राधाबायचे जे कोंबडे माळार इले ते मेले. जी घराक रवली ती कोंबी जिती आसा, पिल्लां जिती आसत. देवान रागान मारलेला असता, तर पयली तीच मेली असती ना?"

हे मात्र लोकांना पटकन गिळता येईना. टोपलीतून नेमकी त्याच वेळी पिल्लांची चिवचिव झाली. मग बायकांतून काशीबायचा आवाज आला, "माका तर वात म्हणालंस! मी खोपीत डोकावान विचारलंय, मान अशी कित्याक, तर थंडीन आखाडली म्हणान सांगलंस!"

"खोटा सांगलंय," पद्मावती म्हणाली.

हरिश्चंद्र गावकराने नारळाकडे बघितलं, देवाकडे बघितलं. शेवटी त्याने वाकून टोपली उचलली, राधाबायच्या हातात दिली आणि गाऱ्हाणं नव्याने घातलं, कुणाचंही नाव न घेता: गावाकडून जी चुकी झाली असेल ती पोटात घाल. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. नारळ फुटला. पद्मावती वाट बघत होती, की आता आपल्याला काहीतरी सांगतील. कोंबडा दे, सगळ्यांचं भरून दे, मोगरीला वेशीवर ने. कुणी काही सांगितलं नाही. लोक तिच्या बाजूने वाट काढून पायऱ्या उतरले, जशी अंगणातल्या ओल्या जागेला बगल देऊन जातात.

राधाबाय टोपली कडेवर घेऊन पुढे चालली होती. पद्मावती मागे. पाणंदीत दोघींखेरीज कुणी नव्हतं. आता ही वळेल, शिव्या देईल, असं पद्मावतीला वाटत होतं आणि त्या शिव्यांची तिला खरंच गरज होती. पण राधाबाय आपल्या बेड्यापर्यंत, म्हणजे अंगणाच्या फाटकापर्यंत, गेली, टोपली खाली ठेवली, आणि मगच वळली. डोळे कोरडे होते.

"माझ्या दारात येवन सांगलंस, तेवा माका खरा वाटला नाय," ती म्हणाली. "तू असा करशीत ह्याच माका खरा वाटला नाय."

"राधाबाय..."

"थंय माळार सांगूचा होता. मी तुका माझा सांगलंय, तेवाच. मी डालगी उचलून दुसरीकडे बसलंय असतंय. कोणाक कळूक दिलंय नसतंय." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "तुझी मोगरी मी कोणाक मारूक दिलंय असतंय काय गो?"

तिने टोपली उचलली आणि बेडं ओढून घेतलं.

पद्मावती बाहेरच राहिली. राधाबाय म्हणाली ते अगदी खरं होतं. तिने कुणाला कळू दिलं नसतं, मोगरीला हात लावू दिला नसता, उलट रात्री उठून तिला पेज पाजली असती. आणि हे पद्मावतीला त्या दिवशी माळावरसुद्धा पक्कं ठाऊक होतं.